शून्य गुणांचं हिरवं कार्ड

मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत होणाऱ्या व्याह्यांनी मला विचारलं, "तुम्ही करता काय?"

मी म्हटलं, "लोकांची भीती मोजतो."

व्याही जरा मागं सरकून बसले. सतरंजीची सुरकुती नीट करत त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे... अंगात येते का तुमच्या?"

सोयरीक जमली. पण लग्नात त्यांच्याकडच्या दोन बाया माझ्या पाया पडल्या आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवा म्हणाल्या. मी ठेवला. खुलासा करत बसलो नाही. आमच्या धंद्यात खुलासा केला की घोळ वाढतो, हे तोवर मला चांगलं कळलं होतं. कसं कळलं, ते पुढं येईलच.

तर धंदा असा. मनाच्या आजारांवर काम करणारी एक संस्था होती. तिचं डोकं लांबच्या मोठ्या शहरात, आणि पाय म्हणजे आम्ही, यवतमाळ जिल्ह्यात. गावोगाव जाऊन मी प्रश्नावली भरायचो. वीस प्रश्न. गेल्या पंधरा दिवसांत छातीत धडधड झाली का? हातपाय थरथरले का? काहीतरी भयंकर घडेल असं वाटून भीती वाटली का? उत्तरं चारच: अजिबात नाही, कधीकधी, बरेचदा, सतत. 'अजिबात नाही'ला शून्य, 'सतत'ला तीन. शेवटी बेरीज करायची. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर त्या माणसाला पिवळं कार्ड, म्हणजे मंगळवारी गावात डॉक्टर येतात, त्यांना भेटा. खाली राहिली तर हिरवं कार्ड, म्हणजे तुम्हाला काही नाही, आनंदात राहा. बेरीज मला जमत होती. अक्षरही वळणदार. तेवढ्यावर माझी बावीस वर्षं निघाली.

हे वीस प्रश्न काही आपल्याकडचे नव्हते. कुठल्याशा थंड देशात कोणा विद्वानांनी तयार केले, मग ते मराठीत आणले गेले. त्याचीही रीत असते. एक जण मराठी करतो. दुसरा, ज्यानं मूळ कागद पाहिलेलाच नाही, तो त्या मराठीचं परत इंग्रजी करतो. दोन्ही इंग्रज्या जुळल्या की सगळे खूष. आमच्या जुळल्या होत्या. पण एका प्रश्नात लिफ्ट राहून गेली होती: "लिफ्टसारख्या बंद जागेत भीती वाटते का?"

एका गावात म्हाताऱ्या आजीनं मला विचारलं, "लिफ्ट म्हंजे काय, बाप्पा?"

नियम असा की प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. पण आजीनं विचारलं इतक्या मायेनं, की माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "लोखंडाची खोली असते, आजी. आत गेलं की दार आपोआप लागते. मंग ती खोली दोरावर लटकून वर जाते."

आजीनं डोक्यावरचा पदर घट्ट केला. "अन् दोर तुटला त?"

"तुटत नाही सहसा."

"सहसा?" आजी ओरडलीच. "लिही बाप्पा, लय भेव वाटते! लय लिही!"

तीन गुण. आजी तिथंच थांबली नाही. माझ्या आधी पुढच्या घरी पोचून तिनं त्या दोराची खबर सगळीकडे दिली. त्या दिवशीच्या माझ्या कागदांप्रमाणं अर्धी आळी लिफ्टला भीत होती. आणि त्या आळीतली सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी, जिच्यावर शिडीनं चढतात.

पुरुषांचं दुखणं वेगळं. माझ्या जोडीला शबाना नावाची मुलगी होती. दारव्ह्याच्या एका मेकॅनिकची लेक, समाजकार्याची पदवी घेतलेली, माझ्या मुलीच्या वयाची आणि माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. हे शेवटचं मी तिला कधी सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती. सराव म्हणून आम्ही तिच्या वडिलांनाच प्रश्न विचारले. हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "डर? मैं कायको डरूंगा?"

आतून शबानाच्या आईचा आवाज आला, "छिपकली का पूछो जरा."

पाना खाली पडला. मी शून्यच लिहिलं. पालीचा प्रश्न आमच्या विसांत नव्हता.

असे गमतीचे घोळ पुष्कळ झाले. पण ज्या घोळासाठी हे लिहायला बसलो, त्यात गंमत नाही, आणि तो थंड देशातल्या विद्वानाचाही नाही. तो माझा, स्वतःच्या अकलेचा.

फुलसावंगी गावाचं काम कापूस वेचणीच्या दिवसांत आलं. त्या दिवसांत दुपारी घरात चिटपाखरू नसतं. पहिल्या आठवड्यात आम्ही माणसांपेक्षा कुलपंच जास्त पाहिली. नियमाप्रमाणं मुलाखत घरात घ्यायची, शांत जागी, बसून. वेळेबद्दल नियम एवढंच म्हणत होता की उत्तर देणाऱ्याच्या सोयीची असावी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या बाया घरी कधी असतात? दिवेलागणीला! शेतातून आलेल्या, हातपाय धुतलेले, देवापाशी दिवा लावलेला, स्वयंपाकाला अजून अवकाश. मी तक्ता आखला: रोज संध्याकाळी पाच घरं. महिनाभरात एकही घर सुटलं नाही. मोठ्या शहरातल्या आमच्या मॅडमनी शाबासकीचं पत्र धाडलं: "राऊत यांचे नियोजन इतरांनी आदर्श मानावे." मी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं. खोटं कशाला बोलू, दोन्ही बाजूंनी.

त्या तक्त्यातलं एक घर कुसुमताईंचं. चाळिशीतली बाई. घरची शेती, कपाशी आणि हरभरा. नवरा शेतावर गेलेला, मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे, सासू ओसरीवर बाजेवर. देवघरात दिवा तेवत होता. कुसुमताई समोर बसल्या आणि मी सुरू झालो. त्या इतक्या भराभर उत्तरं देत होत्या की माझा पेन मागं पडायला लागला. नाई. नाई. नाई. 'काहीतरी भयंकर घडेल' या प्रश्नाला त्यांनी आधी दिव्याकडे पाहिलं आणि मग चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "नाई! अजिबात नाई. सगळं चांगलं हाये, अन् चांगलंच राहीन."

वीस प्रश्न, एकूण गुण शून्य. मी हिरवं कार्ड भरून हातात दिलं आणि नियमात नसलेलं एक वाक्यही दिलं, "ताई, तुम्ही तर एकदम फिट! गावानं तुमच्याकडून शिकावं."

बाहेर पडल्यावर शबाना म्हणाली, "काका, बाईच्या पदराचं टोक पाह्यलं का? पिळून पिळून दोरी झालती."

मी म्हटलं, "शबाना, आपण पदर मोजत नाही."

हे वाक्य मला आजही मधूनच आठवतं, बहुधा जेवताना.

महिनाअखेर बेरजा गेल्या आणि उत्तर आलं: फुलसावंगीत गरज दिसत नाही. इतकी शून्यं आलेल्या गावाला डॉक्टर कशाला? पुढच्या महिन्यापासून मंगळवार दुसऱ्या गावाला द्यायचा ठरला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं, निरोगी गाव आपल्या वाट्याला आलं.

मग एक सही राहिली. कुसुमताईंच्या कागदावर संमतीची सही घ्यायला मी विसरलो होतो. 'आदर्श नियोजन' म्हणतात ते हेच. कागद परत आला, आणि उद्याच हवा होता. म्हणून भरदुपारी मी न् शबाना त्यांच्या शेतावर गेलो.

कमरेला ओटी बांधून कुसुमताई कपाशीच्या ओळीत वेचत होत्या. जवळपास कोणी नव्हतं. मी बांधावरून ओरडलो, "काय म्हणते आमची फिट बाई?"

त्यांनी वर पाहिलं. हसल्या नाहीत. "मास्तर, बरं झालं आले. मले एक इचाराचं होतं. तुमचा कागद खोटा असू शकते का?"

"कोणता कागद?"

"थो हिरवा. त्याच्यावर लिवलं हाये, मले काही नाई. मी रोज काढून पाह्यते. मंग रातभर माह्यी छाती काहून उडते? हातपाय थंडे पडतात. श्वास अर्ध्यातच आटपते." हात मात्र चालूच होते, बोंडातून कापूस ओढत. "कागद म्हंते काही नाई, छाती म्हंते हाये. मंग मले येडच लागलं असन ना? तेवढं खरं सांगा. येड लागलं असन त पोरीले मामाकडे धाडून द्या लागन. माह्यापाशी कायले ठेवू तिले?"

मी म्हटलं, "पण ताई, त्या दिवशी तर तुम्ही सगळ्याला नाही म्हणाल्या."

आता त्यांचे हात थांबले. त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू येड मलाच लागलंय.

"मंग काय हो म्हनू? घरात? दिवा लागला असताना?"

"म्हणजे?"

"वास्तू तथास्तू म्हंते ना, मास्तर! घरात वंगाळ बोललं की घर म्हंते, तसंच होवो. अन् तुम्ही आलते बरोब्बर दिवेलागणीले. लक्ष्मी येते ती वेळ. मले इचारून राह्यले, काही भयंकर होईन असं वाटते का. मी म्हटलं, हा मास्तर माह्या घरावर काय आनून राह्यला!"

शबाना माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, आमच्यात बी तसंच आहे. अम्मी म्हणते, बुरा मत बोलो, फरिश्ते आमीन बोल देते. म्हणून तर आपण विचारलं की आमच्यातल्या सगळ्या जणी 'शुकर है' म्हणायच्या, आणि तुम्ही शून्य लिहायचे."

"मग तू सांगितलं का नाही?"

"पदराचं सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, आपण पदर मोजत नाही."

आता खरं सांगतो. मॅडमना हे ठाऊक नव्हतं, प्रश्न लिहिणाऱ्याला नव्हतं. त्यांना माफी आहे. मला ठाऊक होतं! तिन्हीसांजेला तोंडातून वाकडं काही निघालं की माझी आई माझ्या तोंडावर हात ठेवायची. 'शुभ बोल रे नाऱ्या' ही इतरांसाठी म्हण असेल, आमच्या घरी ती रोजची हाक होती, कारण माझं नावच नारायण. आणि तोच नाऱ्या मोठा होऊन, गळ्यात ओळखपत्र घालून, नेमक्या दिवेलागणीला घरोघर जाऊन बायांना विचारत होता: काहीतरी भयंकर घडेल असं वाटतं का? कागदाचं भाषांतर करता करता लोकांनी माझंही करून टाकलं होतं, आणि ते परत मराठीत आणून कोणी तपासलं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला येड लागलेलं नाही. कागदच खोटा आहे. तो मी भरला होता."

त्यांनी एकदा वर पाहिलं. आभाळ होतं, छप्पर नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. शेतातली लाईट रात्री येते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला नवरा रात्री जातो. दोन वर्षांपूर्वी मोटरचा झटका लागून तो विहिरीपाशी पडला होता, सकाळी सापडला, वाचला. त्याच्या मनातून ते निघून गेलं, तो तर हसून सांगतो लोकांना. पण तेव्हापासून तो रात्री बाहेर पडला की कुसुमताई दाराच्या कडीला हात लावून बसतात, तो परत येईपर्यंत. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. नवऱ्याला सांगायचं तर घरात बोलावं लागणार. सासू तर खोकल्यालाही शुभ बोल म्हणते. दोन वर्षं ही बाई तोंड मिटून नवऱ्याला जिवंत ठेवत होती. आणि मी तिला कार्ड दिलं की तुला काही नाही.

शबानानं बांधावर बसून तेच वीस प्रश्न परत विचारले. लिफ्ट सोडून. बेरीज मी केली, दोनदा केली. ती पिवळ्याच्याही पार वर होती.

पिवळं कार्ड माझ्या पिशवीत होतं, पण देता येत नव्हतं. एकदा भरलेला कागद बदलायचा नाही, हा आमचा सगळ्यात मोठा नियम. आणि द्यायचं तरी कशासाठी? पुढच्या महिन्यात मंगळवारच नव्हता.

मी बांधावरूनच मॅडमना फोन लावला.

"राऊत, शेतात घेतलेली मुलाखत धरता येणार नाही. घरात, शांत जागी, एकांतात, असं स्पष्ट लिहिलंय."

"मॅडम, कपाशीच्या दोन ओळींमध्ये जेवढा एकांत आहे तेवढा अख्ख्या गावातल्या घरांत मिळून नाही. घरात भिंतीसुद्धा उत्तर देतात. तथास्तू म्हणतात."

"हा विनोद आहे का?"

"नाही मॅडम. विनोद आधी झाला."

त्या म्हणाल्या, "आणि शेतात नेलं तर सगळ्याच हो म्हणतील, याची काय खात्री? तुम्हाला गरज दाखवायची आहे, तर गरज दिसेलच."

प्रश्न बिनतोड होता. रात्रभर तो डोक्यात होता. सकाळी उत्तर सापडलं, तेही कापसातच. सकाळी दवात वेचलेला कापूस जास्त भरतो, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत असतं. म्हणून काय तराजू फेकून देतात का? नाही. ऊन चढू देतात, कापूस कोरडा होऊ देतात आणि मग परत तोलतात. आमचा तराजू ठीकच होता. मी ओल्या वेळी तोललं होतं.

तेव्हा ठरवलं. ज्या ज्या बाईला मी घरात शून्य दिलं, तिला शेतात जाऊन परत विचारायचं. सगळ्यांना. हो म्हणणाऱ्याही लिहायच्या, नाही म्हणणाऱ्याही. आणि दोन्ही बेरजा शेजारी शेजारी ठेवून पाठवायच्या. परवानगी नव्हती, हे खरं. मी रजा टाकली. शबाना म्हणाली, "मग मी पण आजारी आहे, काका," आणि खोकून दाखवलं.

वेचणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून आम्हीही ओटी बांधून ओळीत उतरलो. शबाना विचारायची, मी चार ओळी पलीकडे, पाठ फिरवून वेचायचो, बाईमाणसाला मोकळं बोलता यावं म्हणून. माझी वेचणी पाहून एक बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या ओटीत कापूस कमी न् पाला जास्त. तुमचे कागदबी असेच असते का?" मी म्हटलं, "आतापर्यंत होते, आजपासून निवडून राह्यलो."

मॅडमना वाटलं तसं सगळ्याच हो म्हणाल्या नाहीत. एक धिप्पाड बाई होती, घरात शून्य, शेतातही शून्य. म्हणाली, "मले कायचं भेव? माह्यी सासूच मले भेते." तिचं हिरवं कार्ड हिरवंच राहिलं. पण दुसऱ्या कित्येकींनी पहिल्यांदा आभाळाकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, मग बोलल्या. कोणाचा श्वास बाजारात अडकायचा. कोणी फोन वाजला की दुसऱ्याला उचलायला लावायची. शबानाच्या मोहल्ल्यासारखीच तिथंही मुसलमान घरं होती. त्या बाया शेतावर नव्हत्या, तर शबानानं त्यांना नळावर, रस्त्याच्या कडेला गाठलं. 'शुकर है' म्हणून झालं की ती नुसती थांबायची. शुकरच्या पुढं एक 'लेकिन' असतो, म्हणायची, तेवढी वाट पाहायची. आकडे इथं देत नाही. आकड्यांशी माझं जरा बिनसलंय.

पंधरा दिवसांनी दोन रकान्यांचा कागद तयार झाला: घरात, शेतात. खाली मी स्वतःच्या हातानं लिहिलं: "संध्याकाळची वेळ मी ठरवली. इथली रीत मला लहानपणापासून माहीत होती. चूक माझी आहे, बायांची नाही. मंगळवार काढू नये." त्याखाली आपलीही सही हवी, असं शबाना म्हणाली. मी म्हटलं, चुकीवर सही कशाला? ती म्हणाली, "पदर मी पाहिला होता आणि एकदा सांगून गप्प बसले, ती चूक माझी."

मॅडमचा फोन आला तेव्हा मी दुकानात चहा पीत होतो.

"राऊत, हे वाचून तुमचं कंत्राट वाढवावं की संपवावं, मला कळत नाही."

आमचं कंत्राट अकरा महिन्यांचं, त्याला तेव्हा तीन आठवडे उरले होते. मी म्हटलं, "माझं मागून पाहा मॅडम. आधी मंगळवार."

"नियमाबाहेर केलंत तुम्ही."

"केलं. परत करावं लागलं तर परत करीन."

त्या म्हणाल्या, "तीन महिने देते. पिवळी कार्डं द्या. बाया आल्या नाहीत, तर मंगळवार गेला." मला त्यांचा राग कधी आला नाही. लांब बसून दोन रकाने वाचले, स्वतःचा नियम बाजूला ठेवला, हे सोपं नसतं. मला तर जवळ बसूनही जमलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारी बाया आल्या का? आल्या. दारापर्यंत. डॉक्टरांना गावात एक रिकामी खोली मिळाली होती, पत्र्याची. सगळ्यात आधी कुसुमताईंचा नंबर. त्या उंबऱ्याशी आल्या आणि थबकल्या.

"या, बसा ना," डॉक्टर म्हणाले. तरुण पोरगा, नवीनच लागलेला.

"इथं नाई बोलता येनार, डॉक्टर. वर पत्रा हाये."

"हे काही घर नाही, ताई."

"कोनाचं तरी असनच ना."

मागच्या बायांत कुजबुज झाली. दोन जणी वळल्यासुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने तिथंच संपत होते. मी डॉक्टरांना समजावायला तोंड उघडलं, आणि माझे खुलासे कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. सुदैवानं त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी माझा कागद वाचला होता. उठले, टेबलाची एक बाजू धरली आणि म्हणाले, "राऊतकाका, तिकडून धरा."

टेबल दारात अडकलं. मी जोरानं ओढलं तसा खण निखळून माझ्या पायावर पडला आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते शुभ नव्हतं. बाया हसल्या. वळलेल्या दोघी परत फिरल्या. टेबल समोरच्या कडुलिंबाखाली गेलं, दोन खुर्च्या गेल्या, आणि बाकीच्या बाया ऐकू येणार नाही एवढ्या लांब, ओट्यावर बसल्या. कुसुमताई बोलल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

काय बोलल्या ते डॉक्टरांचं आणि त्यांचं. मला पुढं कळलं ते त्यांच्याच तोंडून, सांगा म्हणाल्या म्हणून सांगतो. डॉक्टरांनी गोळी दिली, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि एक दिवस नवऱ्यालाही त्याच लिंबाखाली बोलावलं. तिथं त्याला पहिल्यांदा कळलं की दोन वर्षं कडी धरून कोण बसतं. तो बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मले सांगाचं ना वो." त्या म्हणाल्या, "कुठं सांगू?" तेव्हापासून रात्री पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवलं की तो शेतातून एक मिस कॉल देतो. उचलायचा नाही, बोलायचं नाही, घराला ऐकू जाईल असं काही नाही. नुसता वाजतो. कुसुमताई बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही, तो कागद भरायचा अधिकार माझा नाही. पण पोरगी मामाकडे गेली नाही. आणि मंगळवार राहिला.

संस्थेच्या सूचनांमध्ये पुढं दोन ओळी वाढल्या: मुलाखत शक्यतो घराबाहेर, उघड्यावर घ्यावी. दिवेलागणीच्या आत उरकावी. मॅडमनी खाली माझं नाव टाकू का विचारलं. मी नको म्हटलं. त्या ओळी माझ्या आईच्या होत्या, मी त्या फार उशिरा वाचल्या.

आणि फुलसावंगीच्या आधीची गावं? बोरी अरबला, मुकुटबनला मी वाटलेली हिरवी कार्डं? रिटायर व्हायच्या आधी शबानाला घेऊन मी जमतील तेवढ्या घरी परत गेलो, दुपारी गेलो, अंगणात बसलो. सगळी कार्डं परत आली नाहीत. काही घरांना आता कुलूप होतं, काही बायांनी मला ओळखलं नाही. शबाना आता माझ्या जागेवर आहे. उरलेली यादी तिच्याकडे आहे आणि तिनं ती सोडलेली नाही. मधूनमधून फोन करते, "काका, आज दोन सापडल्या."

शाबासकीचं ते लॅमिनेट केलेलं पत्र घर बदलताना कुठं गेलं, कळलं नाही. मी शोधलंही नाही. त्या पहिल्या मंगळवारी लिंबाखालून उठल्यावर कुसुमताईंनी पदराची गाठ सोडून हिरवं कार्ड काढलं होतं आणि माझ्या हातावर ठेवलं होतं. "हे घ्या तुमचं, मास्तर. देवामागं ठेवलतं." ते मात्र माझ्या कपाटात आहे. माझ्याच वळणदार अक्षरात त्यावर लिहिलंय, एकूण गुण: शून्य. वरचं नाव तेवढं मी खोडलं, आणि तिथं माझं लिहिलं.